कोपऱ्यातली अर्धी चटई

कुरोबे सेइझोचा गळा त्याच्याच कसबानं आवळला होता. बत्तीस वर्षं तो घरोघरी जाऊन जमिनीवरच्या जाड तातामी चटया बदलून देत होता. विधवा इनाबाबाईंचा खून झाला त्या दिवशी तो शेजारच्या घरी कामाला होता, एवढाच काय तो त्याचा गुन्हा. बाईंच्या घरात त्यानं कधी पाऊलही टाकलं नव्हतं. पोलिसांनी एकोणीस दिवस एकच धोशा लावला, "केलास ना? बोल की!" अखेर जीव मेटाकुटीला आला आणि हा भला माणूस म्हणाला, केला. कशासाठी? पासबुकासाठी. कुठं होतं? आता त्याला काय ठाऊक, कपाळ! तरी बोलून बसला, "कपाटापाशी, कोपऱ्यातल्या अर्ध्या मापाच्या चटईखाली. घाबरून तसंच टाकून पळालो."

पोलिसांनी चटई उचलली, तर पासबुक तिथंच!

कोर्टात त्यानं कबुली मागं घेतली. नुसत्या कबुलीवर कुणाला फासावर चढवता येत नाही, दुसरा पुरावा लागतो. तो तर यानं आपल्या तोंडानं देऊन ठेवलेला. पोलिसांनाही माहीत नसलेली जागा खुन्याशिवाय कोण सांगणार? फाशीची शिक्षा झाली. आता अपील तेवढं उरलं होतं.

"पण काका, तुम्हाला कळलं कसं?" तुरुंगातल्या भेटीच्या काचेपलीकडून तरुण वकील हिरोसेनं विचारलं.

"अहो, त्यात कळायचंय काय? अर्धी चटई हलकी, एकट्या बाईला उचलता येते. दर दुसऱ्या घरात तिथंच असतं काहीतरी. आम्ही बघतो आणि होतं तसं ठेवतो. बोलायचं नसतं ते."

"मग आता बोला! घरं सांगा. कोर्टाला दाखवू."

सेइझोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण फास डोळ्यांसमोर दिसत होता. मान खाली घालून त्यानं सात गिऱ्हाइकांची नावं सांगितली.

आठवड्यानं हिरोसे आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "कुठंच काही नाही, काका. दोघींनी तर दारही उघडलं नाही."

सेइझो आधी चिडला, मग त्याच्या ध्यानात आलं. बरोबरच आहे की! जागा माहीत असलेला माणूसच खुनी निघाल्यावर कोण ठेवील तिथं? पेपरात फोटो आला त्याच दिवशी गावभर चटया उचलल्या गेल्या असणार.

"माझ्या घरी बघा," तो काचेला हात टेकून म्हणाला. "आमची ही, तोमिए, घरचं पासबुक तिथंच ठेवते. तिला वाटतं, मला माहीत नाही. जा, आजच जा!"

हिरोसेनं फाईल उगाचच उघडली, मिटली.

"सगळ्यात आधी तिकडंच गेलो होतो, काका."

"मग?"

"काकूंनीही जागा बदललीय."