माझ्या नळीवरचं हिरवं लुगडं

मी एक जुना ट्रक आहे. सापगावच्या अलीकडे, माझ्या मालकाच्या, कुंडलिकच्या अंगणात आंब्याखाली माझी जागा आहे. म्हणजे होती. आता त्या सावलीचा अर्धा वाटा एका पांढऱ्या पिकअपला गेला आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सांगायची तर तिचं नाव घ्यावंच लागतं, आणि ते घेताना आजही माझं डोकं तापतं.

कारखान्यातून मी आलो तेव्हा नुसतं इंजिन, चाकं आणि सांगाडा होतो. लाकडी हौदा मला कल्याणच्या सुतारांनी बांधला. कुंडलिकने मला घरी आणलं त्याला अठरा वर्षं झाली. अठरा वर्षं मी डोळखांबच्या पाड्यांवरून भाताचा पेंढा भरायचा आणि कल्याण-भिवंडीच्या तबेल्यांत पोचवायचा, हेच काम केलं. दोन्ही बाजूंनी भारे फुगले की मी रस्ताभर होत असे आणि समोरची गाडी आपणहून कडेला थांबत असे. मला ते आवडायचं. कुंडलिक चारचौघांत सांगायचा, "आपला ट्रक चढाला कधी थांबला नाय." एवढं ऐकलं की माझा शीण जायचा.

मग दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला कुंडलिकच्या मुलाने, रितेशने, ती पिकअप आणली. तिच्या चाकांखाली लिंबं ठेवली, तिला झेंडूची भली मोठी माळ घातली, शेजारच्या बायका बघायला आल्या. माझी पूजा झाली, नाही असं नाही, पण उरलेल्या फुलांत झाली. माझा जळफळाट झाला. जळणं हा माझा धंदाच आहे म्हणा. पण ते पोटातलं जळणं वेगळं आणि हे वेगळं.

तिचं काही दुखलं तर कंपनीचा माणूस एक वायर जोडतो आणि पडद्यावर दुखणं लिहून येतं. रितेश त्याचं भारी कौतुक करतो. माझं दुखणं ओळखायला नाक्यावरचा मेस्त्री महादू लागतो. तो धुराचा वास घेतो, इंजिनावर हात ठेवतो, कान देतो आणि नुसताच उभा राहतो. मला त्याचा अभिमान होता. पण पिकअप आल्यापासून मला त्याचीही लाज वाटू लागली.

या वर्षी भाताच्या झोडणीच्या दिवसांत डोळखांबला एका फांदीने माझ्या हवेच्या नळीची टोपी तोडली. ही नळी केबिनच्या मागे उभी असते आणि तिच्यातून इंजिनाला हवा जाते. कुंडलिकची बायको धोंडूबाई पेंढा रचायला आल्या होत्या. त्यांनी नळीचं उघडं तोंड पाहिलं. "कोंडा आत गेला तर घसा धरंल रे याचा," असं त्या म्हणाल्या आणि अंगणात परत येताच त्यांनी घरातून आपलं जुनं हिरवं लुगडं आणलं, त्याच्या चार घड्या नळीच्या तोंडावर घातल्या आणि सुतळीने घट्ट आवळल्या. झोडणीच्या वेळी बायका नाकाला पदर बांधतात, तसंच.

मी पिकअपकडे पाहिलं. तिला असं कोणी काही बांधलं नव्हतं. त्या दिवशी माझ्याएवढा सुखी ट्रक सगळ्या शहापूर तालुक्यात नसेल.

आठ-दहा फेऱ्या झाल्या आणि लुगड्यात कोंडा, धूळ आणि दव मिळून शेणाने सारवल्यासारखा थर बसला. रिकामा असताना मी बरा चालायचो. माल भरला की चढाला दम लागायचा, मागे काळा धूर सुटायचा आणि डिझेल मात्र दुप्पट प्यायचो. एकदा तर चढाच्या मध्यावर मी थांबलोच. मागून पिकअप आली, तिने हॉर्न दिला आणि ती पुढे गेली. ते मी विसरलेलो नाही.

रितेश म्हणाला, "बाबा, आता काढा याला. भंगारवाला रविवारी येतोय."

कुंडलिकने माझ्या दारावर हात ठेवला. मग म्हणाला, "महादूनं हात टेकले तर देऊ."

महादूने धूर पाहिला. "काळा धूर म्हणजे हवा कमी, नायतर डिझेल जास्त," तो म्हणाला. त्याने हवेचा फिल्टर उघडला, तर तो लख्ख निघाला. लुगड्यातून धूळच आत जात नव्हती, तर फिल्टर मळणार कसा? नळीच्या वरच्या टोकाकडे त्याने पाहिलंच नाही, कारण तिथे ताडपत्रीची घडी पडलेली होती. "हवेचं काय नाय," असं म्हणून तो डिझेलच्या मागे लागला. डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून आणले, पंप पाहिला. सगळं ठीक निघालं. दोन दिवस गेले.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. पण खरं सांगतो, बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो. ते लुगडं गेलं असतं, तर पिकअपजवळ नाही असं माझ्याजवळ काय उरलं असतं?

शनिवारी महादू म्हणाला, "उभ्या गाडीचं दुखणं उभ्यानं दिसत नाय. पेंढा भरा, चढावर जाऊ." शेवटचीच फेरी म्हणून धोंडूबाईही केबिनमध्ये बसल्या. महादूने केबिनमधलं इंजिनावरचं झाकण काढलं आणि डोळे आत लावले. चढ लागला. कुंडलिकने जोर दिला, मी धडपडलो, आणि फिल्टरकडून येणारा रबरी पाइप आतून ओढल्यासारखा चपटा झाला.

"थांबव," महादू म्हणाला. "हा श्वास ओढतोय, पण याला मिळत नाय."

तो मागे चढला, ताडपत्री बाजूला केली आणि लुगडं हातात घेऊन खाली आला. ते दगडासारखं कडक झालं होतं. कुंडलिकने काठ लगेच ओळखला आणि बायकोकडे पाहिलं.

धोंडूबाईंचा चेहरा उतरला. "मीच बांधलं ते. माझ्याच हातानं मी याला भंगारात घालीत होते गो बाई."

"काकी, माणसाला पदराआडून वारा पुरतो," महादू म्हणाला. "याला खळ्यात भात उपणायला लागतो तेवढा लागतो. आणि मी पण शहाणा, स्वच्छ फिल्टर बघून फसलो. एवढा स्वच्छ कसा, हे विचारायला हवं होतं."

नंतर मी तो चढ चढलो. धूर नव्हता. सगळे खूश झाले. मी मात्र वर पोचेपर्यंत त्या लुगड्याचाच विचार करत होतो.

धोंडूबाईंनी विचारलं, "मग कोंड्याचं काय करायचं?" महादूने सांगितलं, नळीला नवी टोपी घालायची आणि पेंढ्याच्या दिवसांत दर आठवड्याला फिल्टर काढून झटकायचा. "मग ते माझं काम," त्या म्हणाल्या. रितेशने भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. आता दर सोमवारी त्या फिल्टर काढतात, पायरीवर हलके आपटतात, आत बोट फिरवून बघतात आणि तोपर्यंत मला घरातल्या सगळ्या तक्रारी सांगतात.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला जरूर जपा. पण काही बांधलंत, झाकलंत, तर अधूनमधून ते सोडून बघत जा. त्याला श्वास घेता येतो की नाही, ते वरून कळत नाही. आणि ज्याला ते झाकणं सुखाचं वाटतं, तो स्वतःहून कधीच सांगणार नाही.

हेवा करू नका, असंही मी सांगायला हवं. पण ते माझ्या तोंडी शोभणार नाही. सोमवारी धोंडूबाई माझ्याशी बोलत बसतात तेव्हा पिकअप शेजारी गप्प उभी असते. तिला तपासायला कंपनीचा माणूस येतो, वायर लावतो, आणि एक शब्द न बोलता जातो. तिला माझा हेवा वाटत असेल का, हे मला माहीत नाही. वाटावा, अशी माझी फार इच्छा आहे.