हसऱ्या डुकराची साक्ष

दिग्दर्शक मा ग्यॉन्ग-हो यांना अन्यायाची भयंकर चीड होती. त्यांच्या नव्या चित्रपटात सोलमधल्या एका बड्या दुकानाची मालकीण विक्रेतीला सगळ्यांदेखत गुडघे टेकायला लावते. तालमीत नटीच्या जागी सहायक सोरानला उभी करून मा सर ओरडत, "गुडघा नीट टेकला नाही! पुन्हा!" सोरानचे गुडघे सोलवटून निघाले, पण सरांची चीड काही ओसरली नाही.

खरं तर ती विक्रेती म्हणजे सोरानची आई. गोष्ट लिहिलीही सोराननंच. "पडद्यावर लेखिका म्हणून तुझंच नाव," असं सरांनी कबूल केलं होतं, आणि त्या शब्दावर ती सगळं निमूट सोसत होती.

कोरियन रिवाजाप्रमाणे चित्रीकरणाआधीची पूजा आली. चौरंगावर डुकराचं उकडलेलं मुंडकं मांडलं. शुभशकुनासाठी ते हसरंच लागतं, म्हणून सोराननं अख्खा बाजार पालथा घातला होता. पत्रकारही जमले. सरांनी देवांना ऐकवायचं निवेदन खणखणीत आवाजात वाचलं, "लेखक आणि दिग्दर्शक, मा ग्यॉन्ग-हो!"

सोरानला संताप आला.

हुद्द्याप्रमाणे एकेक जण मुंडक्यापुढे माथा टेकवून मागणं मागू लागला. सोरानची पाळी सगळ्यात शेवटी. नमस्कार करणाऱ्याला मध्येच अडवलं तर चित्रपटावर संकट ओढवतं, हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती.

"देवा," जमिनीवर माथा ठेवून ती मोठ्यानं म्हणाली, "निवेदनात चूक झालीय. गोष्ट मी लिहिलीय, बांग सोराननं. कोप करायचाच असेल तर माणूस नीट बघून कर. सेटवरचे दिवे आमच्या पोरांच्या डोक्यावर पाडू नकोस."

निर्माते ओक साहेब पांढरेफटक पडले. दिवे त्यांचे होते.

"अहो मा, देवापुढे खोटं बोलता? आधी माफी मागा! पुन्हा वाचा!"

मा सर पत्रकारांकडे बघून हसले. डुकराला ते जास्त छान जमलं होतं. शेवटी गुडघ्यांवर बसून ते पुटपुटले, "लेखिका, बांग सोरान." कॅमेरे लखलखले.

दुसऱ्या दिवशी फोटोसकट बातमी झळकली: 'सहायिकेपुढे नतमस्तक! न्यायप्रिय लेखक-दिग्दर्शक मा यांची विनम्रता.' सोरानचं नाव कुठेच नव्हतं. तिला रडूच कोसळलं. तेवढ्यात गावाहून आईचा फोन आला.

"फोटो बघितला गं. हाच का तो तुझा सर?"

"हाच. माझं नाव नाही छापलं, आई."

"ते बघू मागनं. त्याचा डावा गुडघा बघ आधी, अधांतरी आहे. त्या दुकानात माझं नव्हतं कुणी असं चालवून घेतलं. पुन्हा टेकायला लाव त्याला."