सातव्या किलोमीटरपर्यंत

रविवारी सकाळी सव्वासात वाजता काका नेहमीप्रमाणे स्वतःला वाचायला बसले. चहाचा कप डाव्या हाताशी, पाय स्टुलावर, पुरवणी मांडीवर. पुरवणीचं शेवटचं पान, 'रविवारची मौज', गेली अकरा वर्षं पाच जण लिहीत होते. प्रवासावर वाटसरू, चित्रांवर रंगारी, गाण्यावर कानसेन, खाण्यावर जिभल्या आणि धावण्यावर धावजी. पाचही जणांना मिळून चष्मा एकच होता, आणि या घडीला तो काकांच्या नाकावर होता.

ऑफिसात हे तिघांना ठाऊक होतं. घरी कोणालाच नाही. काका 'छपाईचं बघतात' एवढंच काकूंना माहीत, आणि छपाईबद्दल कोणी जास्त विचारत नाही, हा त्यातला फायदा.

या रविवारी वाटसरू डोंगरातल्या तळ्याकाठी दोन दिवस राहून आला होता. काकांनी त्या तळ्याचं माहितीपत्रक वाचलं होतं. रंगारीला मातीच्या भांड्यांचं प्रदर्शन आवडलं होतं. तिथे मात्र काका जातीने गेले होते, कारण दालनात बसायला बाकं होती. कानसेनाने व्हायोलिन ऐकून डोळे पुसले होते. जिभल्याने खाद्यमेळ्यात एका बैठकीत सात सूपं चाखली होती. आणि धावजी? काका आयुष्यात शेवटचे धावले ते सुटत्या बसमागे, आणि बस सुटलीच होती. पण धावजीला सगळ्यात जास्त पत्रं येत.

काकांनी चहाचा घोट घेतला आणि धावजीचा शेवटचा परिच्छेद वाचला.

"सातव्या किलोमीटरपर्यंत पाण्याला तोंड लावू नये. पाण्याने पाय बोथट होतात. तहान लागली तर तो शरीराचा कांगावा समजावा आणि पुढे जावं."

काकांनी तो पुन्हा वाचला.

शुक्रवारची संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. पुरवणीचं पान लावणारी पोरगी खोलीच्या दारातून ओरडली होती, "काका, धावजी चार ओळी कमी पडतोय आणि जिभल्या चार ओळी जास्त होतोय. पाच मिनिटं आहेत!" अकरा वर्षांचा अनुभवी माणूस अशा वेळी घाबरत नाही. काकांनी जिभल्याच्या चार ओळी उचलल्या, 'सातव्या वाटी'चं 'सातव्या किलोमीटर' केलं, 'जीभ' खोडून 'पाय' लिहिलं आणि डबा घेऊन घरी आले. दोघं घरचेच, एकाचा सदरा दुसऱ्याला घातला, त्यात काय?

त्यात काय ते आता स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिसत होतं. काकूंची निळी पाण्याची बाटली. काठोकाठ भरलेली. मुद्दाम मागे ठेवलेली.

काका उठले. कप कलंडला, तो तसाच राहिला. काकूंनी साडेपाचला, पेपर दारात पडल्या पडल्या, पुरवणी वाचली होती. त्या चार ओळींखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. साडेसहाला त्यांची दहा किलोमीटरची शर्यत सुरू झाली होती. बाटलीशेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट होतं आणि त्यातली आजची गोळी घेतलेली होती. ती गोळी अंगातलं पाणी काढते. डॉक्टरीणबाईंनी काकांच्या देखत बजावलं होतं, "धावा हवं तर, पण दर दहा मिनिटांनी पाणी. नाहीतर चक्कर येऊन पडाल, आणि कुठे पडाल ते आपल्या हातात नसतं."

खिडकीबाहेर ऊन आत्ताच भाजत होतं.

काकांनी फोन लावला. काकूंचा फोन बेडरूममध्ये वाजला. 'फोन घरी ठेवा, पाय बरोबर न्या.' धावजी, मागचा महिना.

नवऱ्याचा शब्द तीस वर्षांत एकदाही न मानलेली ही बाई. काका म्हणाले छत्री घे, की छत्री घरीच राहायची. पण धावजीने लिहिलं पहाटे उठा, तर चार वाजता गजर. धावजीने लिहिलं साखर सोडा, तर काकांच्याही चहातली साखर गेली. वर ऐकवायच्या, "बघा जरा, माणसं कशी असतात!"

काकांनी हिशोब मांडला. किलोमीटरला दहा मिनिटं. म्हणजे साडेसातला ती सहाव्या किलोमीटरला. बाटली काखेत मारून ते सपातांवरच जिना उतरले.

रिक्षावाल्याने पुलाच्या अलीकडे ब्रेक दाबला. "पुढे बंद, काका. लोक पळतायत."

"कशासाठी?"

"ते त्यांना विचारा. मला तर कोणी मागे लागलेलं दिसत नाही."

लाकडी अडथळ्यापलीकडे 'सहा' लिहिलेली पाटी होती. माणसं लाल तोंडाने, धापा टाकत जात होती. पाण्याच्या टेबलाशी गर्दी होती, आणि त्या टेबलाला वळसा घालून, कागदी पेला पुढे करणाऱ्या मुलीला हाताने 'नको' म्हणत, काकू पुढे गेल्या. चेहरा विटेसारखा. ओठांवर पांढरी साय. आणि भोवती सगळे घामाने निथळत असताना काकूंचं कपाळ कोरडं ठणठणीत.

काका अडथळ्याखालून वाकून गेले. कमरेत काहीतरी कट्ट झालं, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. ते धावू लागले.

"अगं! अगं, थांब!"

काकू वळल्या नाहीत. 'मागून हाक आली तरी वळू नका. हाक मारणारा नेहमी मागे राहिलेला असतो.' हे वाक्य सुचलं तेव्हा काका स्वतःवरच खूश होऊन दोनदा चहा प्याले होते.

उजवी सपात सुटली. काका एका पायात सपात घेऊन पळत राहिले. छातीत कोणीतरी कपडे बडवत होतं. काकूंचं डावं पाऊल आता सरळ पडत नव्हतं. प्रत्येक तिसऱ्या पावलाला त्या फुटपाथकडे झुकत, पुन्हा सावरत. पुढे उतार होता आणि उताराच्या बाजूला दगडी कठडा.

ते कसेबसे काकूंच्या खांद्याशी आले. "पाणी पी."

"अहो?" काकूंनी मान वळवली नाही. जीभ जड झाली होती. "तुम्ही इथे कसे? सातवा आला की पिईन."

"आत्ता पी. धावजी गाढव आहे."

"तोंड सांभाळा. तुम्हाला काय कळतंय धावण्यातलं?"

"मला काहीच कळत नाही. म्हणूनच सांगतोय. धावजी मीच आहे."

काकू हसल्या. हसताना एक झोक गेला. "तुम्ही... आणि धावजी! जिना चढताना... दोनदा बसता."

कठडा वीस पावलांवर होता. काकांकडे एकच पुरावा होता, आणि तो त्यांनी मरेपर्यंत बाहेर काढायचा नाही असं ठरवलं होतं. दीड वर्षापूर्वी धावजीच्या नावाने एक पाकीट आलं होतं. खाली सही 'एक वाचक'. अक्षर मात्र रोज भाजीच्या यादीवर दिसणारं. उत्तर काकांनी दिलं नव्हतं, पत्र ऑफिसच्या खणात होतं, आणि ते त्यांना तोंडपाठ होतं.

"'माझे यजमान स्वभावाने चांगले आहेत,'" काका धापा टाकत म्हणाले. "'पण मी काही बोलले की ते हं म्हणतात. तीस वर्षं नुसतं हं. तुम्ही लिहिता तेव्हा वाटतं, कोणीतरी समोर बसून माझ्याशी बोलतंय.'"

काकू थांबल्या.

थांबल्या आणि गुडघ्यांतून खाली आल्या. काकांनी त्यांना पकडलं म्हणणं खोटं ठरेल. ते त्यांच्याखाली आले. पण डोकं कठड्याला लागलं नाही. काकांनी बसल्या बसल्या बाटली उघडली आणि त्यांच्या ओठांना लावली. एक घोट. आणखी एक. टेबलावरची मुलगी धावत आली, तिच्यामागे पांढरा अंगरखा घातलेले डॉक्टर. सावली, ओला रुमाल, क्षारांचं पाणी, नाडी. पाव तासाने काकूंच्या कपाळावर घामाचा पहिला थेंब आला. काकांनी तो एखाद्या प्रदर्शनातलं चित्र बघावं तसा बघितला.

"पळायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "बरं वाटलं तर पुढच्या तंबूपर्यंत चालत जा. पाणी कोणी बंद केलं होतं तुमचं?"

काकूंनी काकांकडे बघितलं. "एक ओळखीचे आहेत," त्या म्हणाल्या.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"रंगारी?"

"मीच."

"कानसेन?"

"मी."

"तो जिभल्या? जो म्हणतो, घरचं जेवण बेचव असेल तर दोष जिभेचा नसतो?"

काकांनी अनवाणी पाऊल दुसऱ्या पायामागे लपवलं.

"आणि वाटसरू. ते तळं. ती लाकडी खोली, पहाटेचं धुकं. तिथे कधी गेलात?"

"नाही गेलो."

"म्हणजे मला सोडून गेला नाहीत. एवढं तरी बरं." त्यांचा आवाज मात्र बरा नव्हता. "दीड वर्ष ते पत्र तुमच्याकडे होतं. आणि रात्री समोर बसून जेवत होतात."

काकांच्या ओठांवर 'हं' आलं. त्यांनी ते गिळलं. त्या जागी काय म्हणायचं, हे पाचांपैकी एकालाही सुचेना.

"मला भीती वाटली," ते शेवटी म्हणाले. "तुला कळलं असतं तर तू धावजीचंही ऐकणं सोडलं असतंस."

काकू उठल्या. कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या, पाय आपले आहेत का बघितलं, आणि तंबूच्या दिशेने चालू लागल्या.

काका एका सपातेने लंगडत मागे निघाले. कंबर, गुडघा, टाच, सगळं एकाच वेळी बोलत होतं.

"अगं, जरा हळू. मला नाही जमत गं."

काकू वळल्या नाहीत. फक्त निळी बाटली धरलेला हात मागे आला, आणि काका ती घेईपर्यंत तसाच राहिला.