छत्री उघडायची वेळ

"ताई, बोलू नको. एक मिनिट," टीव्हीवरची नजर न काढता धम्मदीप म्हणाला.

भावना भाजीची पिशवी हातात धरूनच दारात थांबली. सकाळपाळी करून ती नुकतीच घरी येत होती. दुसरी नर्स आली नव्हती, म्हणून सगळा वॉर्ड एकटीने ओढला होता. पोटऱ्या भरून आल्या होत्या. पडद्यावरच्या खेळात, हवेत तरंगणाऱ्या फळीवर एक म्हातारा मिटलेली छत्री धरून उभा होता. समोरून गेंडा धावत आला. तो अंगावर आदळणार तोच धम्मदीपच्या अंगठ्याने रिमोटचं बटण दाबलं. छत्री फाडकन उघडली आणि गेंडा आला त्याच्या दुप्पट जोराने मागे उडून फळीखाली गेला.

"पाह्यलं?"

"पाह्यलं. शेजारच्या तानाकाकू येऊन गेल्या का? पाणी पेला का तू?"

"पेलो ना बाप्पा. आज शौनक येऊन राह्यला. त्याले हेच दाखवतो."

दोन वर्षांपूर्वी रोहण्याहून आर्वीला येताना धम्मदीपची मोटरसायकल घसरली आणि मानेला मार बसला. पाय गेले, डावा हात गेला. उजवा तेवढा राहिला. कॉलेजात असताना या खेळात त्याच्यासमोर कोणी टिकत नसे. टिकलाच तर शौनक. आता एका हाताने पळणं, उड्या मारणं, ठोसे देणं जमत नव्हतं. पोटावरच्या उशीवर रिमोट ठेवून एक बटण दाबणं जमत होतं. म्हातारा जागचा हलायचा नाही, कोणाला मारायचा नाही. मारणाऱ्याचा जोर त्याच्यावरच उलटवायचा. छत्री आधी उघडली की लगेच मिटायची आणि म्हातारा उघड्यावर पडायचा. उशीर झाला तर संपलंच. पावसाळ्यापासून धम्मदीप तेवढी एक वेळ साधायला शिकत होता.

भावनाने त्याला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, पावडर लावली, पुन्हा टेकवून बसवलं. हे सगळं तिचे हात आपोआप करायचे. वॉर्डातही हेच, घरीही हेच.

शौनक आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. पुण्याला नोकरीला लागल्यापासून त्याच्या बोलण्यातून आर्वी निघून गेली होती. तो पलंगाच्या कडेला अगदी अलगद बसला, कोणाला धक्का लागू नये तसा.

"कसा आहेस?"

"मजेत. रिमोट घे. गेंडा तुझा, म्हातारा माझा."

खेळ सुरू झाला. गेंडा पुढे आला, थांबला, मागे फिरला. मग जवळ येऊन शिंगाने हलकंच टोचलं. छत्री उघडली, गेंडा दोन पावलं मागे सरकला, एवढंच. मग तो कडेला गेला आणि स्वतःच फळीवरून खाली पडला.

"वा! जिंकलास की रे," शौनक म्हणाला.

दुसऱ्या डावातही तेच. म्हातारा छत्री मिटून वाट पाहत उभा, आणि गेंडा आपला इकडून तिकडे फिरतोय.

भावना दाराशी बसून मेथी निवडत होती. भावाचा अंगठा बटणावर ताठ झालेला तिला दिसत होता. गेली दोन वर्षं घरात येणारा प्रत्येकजण असाच हलक्या आवाजात बोलायचा, हो ला हो करायचा आणि चहा पिऊन जायचा. त्याच्याशी कोणी भांडलं नव्हतं. तीही नाही.

"शौनक," ती म्हणाली, "तू मारत काऊन नाई?"

"मारतोय ना, ताई."

"नाई मारून राह्यला. मी रोज पाह्यते, मले समजते."

"राहू दे ना ताई," धम्मदीपने मान भिंतीकडे वळवली. अंगठा बटणावरून खाली आला.

शौनकने रिमोट मांडीवर ठेवला. मग एकदम त्याच्या तोंडून जुनी भाषा निघाली. "कसं मारू ताई? याले कसं मारू मी?"

भिंतीकडूनच उत्तर आलं. "म्हाताऱ्याले मार ना बे. मले कोण मार म्हणते?"

शौनकला हसू आवरेना. त्याने नाक पुसलं आणि रिमोट उचलला.

या वेळी गेंडा सरळ अंगावर आला. म्हातारा फळीवरून उडाला. दुसऱ्यांदा छत्री घाईने उघडली. गेंड्याने ती मिटेपर्यंत दम धरला आणि मग धडक दिली. भावनाच्या हातातली जुडी तशीच राहिली. आपण केलं ते बरं केलं की वाईट, तिला कळेना.

तिसऱ्यांदा गेंडा लांबून, सगळा जोर घेऊन आला. धम्मदीपने श्वास रोखला. छत्री उघडली. गेंडा फळी, ढग, सगळं ओलांडून पडद्याबाहेर गेला.

"अबे साल्या!" शौनक ओरडला.

त्या शिवीवर धम्मदीप इतका हसला की त्याला ठसका लागला. भावना उठायला लागली, तशी त्याने मानेनेच तिला बसवलं. पुढच्या धडकेत म्हातारा पडला आणि धम्मदीप तो डाव हरला.

"अजून एक लाव."

"हरला ना बे तू!"

"तू पळून राह्यला होता अर्धा वेळ!"

भांडण जुंपलं. भावना चहा ठेवायला आत गेली. दूध तापेपर्यंत जरा टेकावं म्हणून ती ओट्याशेजारी भिंतीला पाठ लावून बसली. गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र तसंच होतं.

दूध उतू गेल्याचा वास आला तसा शौनक आत धावला. त्याने गॅस बंद केला, तिच्याकडे पाहिलं आणि पाय न वाजवता परत गेला.

"ताई झोपली. आवाज कमी करतो टीव्हीचा."

"नको," धम्मदीप म्हणाला. "चालू राहू दे. घर चूप झालं का ताई जागी होते."

भावनाला हे अर्धवट ऐकू आलं. उठावं, दुधाचं पाहावं, असं मनात येत होतं. बाहेर धम्मदीप शौनकवर ओरडला, शौनक त्याच्यावर ओरडला, आणि तिची मान हळूच खांद्यावर कलली.