हृदयाचे कान

बाळारामने दवाखान्याच्या सातव्या पायरीवर कठडा धरला आणि वरच्या कंपाउंडरला शिवी हासडली. शिवी निम्म्यातच संपली. दम पुरला नाही.

"ओरडू नका," आतून डॉक्टर प्रभाकर म्हणाले.

"माजा धंदाच ओरडायचा हाय, डॉक्टर. नारपोलीत माजे कापडाचे चोवीस लूम हायेत. तिथं देव आला तरी त्यालाबी ओरडूनच सांगावं लागल."

ते खोटं नव्हतं. लूमचा हा खडखडाट त्यानंच हौसेनं विकत आणला होता आणि वीस वर्षं त्याच्यावर आवाज चढवत होता. कारागिरांवर, सूतवाल्यावर, लाइट गेली की लाइटवर.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम बाजूला सारला.

"राग आला की अंगात एक रस सुटतो. तो हृदयाला हुकूम देतो, जोरात चल. हृदयाच्या पेशींवर रिसेप्टर असतात, ते हुकूम घेतात."

"रिसेप्शन? लगनाचं?"

"रिसेप्टर हो. कान समजा. आता हा हुकूम दिवसरात्र सुटत राहिला, तर पेशी काय करते? कान कमी करते. मग खरोखरच जिना चढायची वेळ येते, हुकूम सुटतो, पण ऐकायला कोण आहे?"

बाळाराम खुर्चीत पुढे सरकला. छातीवर हात ठेवून आत कुणी बोलतंय का ते बघू लागला.

"मंजे माज्याच बोंबलण्यानं माजं काळीज बहिरं झालं?"

"तसंच म्हणा."

"आन् कान परत येतात?"

"बरेचसे येतात, असं दिसतंय. गोळ्या घ्या आणि आवाज खाली आणा. नाहीतर वर्षभरात खाटेवरून उठणं मुश्कील होईल."

शुक्रवार होता, लूमच्या सुट्टीचा दिवस. गल्लीत सायकलची घंटासुद्धा स्वच्छ ऐकू येत होती. बाळाराम हळू चालत कारखान्यामागच्या घरी आला. आजपासूनच सुरुवात करायची, त्यानं ठरवलं. पहिली बायकोपासून, कमळापासून.

ती दाराकडे पाठ करून कुकरसमोर उभी होती. ही तिची जुनी खोड. कुकर लावला की समोरून हलायची नाही. "राखण करते कुकरची," म्हणून तो चारचौघांत हसायचा. तीन हाका मारल्याशिवाय वळायची नाही, आणि वळली की त्याच्याइतक्याच मोठ्यानं बोलायची. उर्मट, म्हणायचा तो. एका कामवालीचा पगार वाचावा म्हणून पंधरा वर्षं त्यानं तिला लूमच्या मधोमध, सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर बसवलं होतं, हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

"कमळा, पानी दे," तो हळू म्हणाला.

ती वळली नाही.

त्याला गंमत वाटली. आणखी दोन पावलं पुढे गेला.

"कमळे, मी आलोय."

कुकरची शिट्टी झाली. कमळाच्या डाव्या हाताचं एक बोट दुमडलं गेलं. ती शिट्टीच्या उडणाऱ्या वजनाकडे टक लावून बघत होती.

बाळाराम तिच्या अगदी मागे जाऊन उभा राहिला. घरात एवढी शांतता होती, की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"कमळा."

दुसरी शिट्टी. दुसरं बोट.

सवयीनं त्याची छाती ओरडायला भरून आली. आत धडधडलं. त्यानं श्वास तसाच सोडून दिला, ओट्याच्या कडेला गेला आणि वाकून तिच्या तोंडासमोर आला. ती दचकली. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

"पानी पायजे?" ती केवढ्यानं तरी ओरडली.

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"कवापासून?" त्यानं विचारलं. आवाज काढलाच नाही.

कमळा त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग शिट्ट्यांसाठी दुमडलेली दोन्ही बोटं तिनं उघडली आणि एकापासून वर्षं मोजायला लागली. पाचही बोटं झाली. तिनं गॅस बंद केला आणि दुसरा हात पदराला पुसून वर घेतला.