आवडाआत्याची हिंदी

क्रांतीची आठवीची परीक्षा संपली, त्याच दिवशी आईने तिला सांगून टाकलं की सुट्टीत घरात लोळायचं नाही. एक तर काहीतरी काम शोध, नाहीतर खारघरला मामाकडे जा. मामीला जुळी झाली आहेत, तिला हाताखाली कोणीतरी हवं आहे. क्रांतीने ती जुळी होळीला पाहिली होती. एक रडून दमलं की दुसरं सुरू व्हायचं, आणि मामी दोघांच्या मधे बसून भिंतीकडे बघत राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळीच क्रांती काम शोधायला बाहेर पडली.

मे महिन्यात श्रीवर्धनला कामाला तोटा नसतो. किनाऱ्यावर गाड्या लावायला जागा मिळत नाही इतके पाहुणे येतात. पण एवढ्याशा मुलीला ठेवून घ्यायला कोणी तयार होईना. आइस्क्रीमवाला म्हणाला, अठरा पूर्ण झाल्यावर ये. वर एक कोन हातात दिला आणि त्याचे पैसे घेतले. पाण्यातल्या स्कूटरवाल्याला गिऱ्हाइकं हाकारायला माणूस हवं होतं. त्याने तिला ओरडून दाखवायला सांगितलं. चारचौघांत ओरडायची क्रांतीला लाज वाटली, आणि जो काही आवाज निघाला त्याने वाळूत झोपलेलं एक कुत्रं तेवढं उठून बसलं. झेरॉक्सच्या दुकानातले काका म्हणाले, पोरी, शाळा बंद, कॉलेज बंद, तुला कुठे काम मिळालं तर मलाही सांग.

शेवटी वडिलांना आवडाआत्या आठवली. आत्या म्हणजे वडिलांची लांबची बहीण. किनाऱ्याजवळच्या सुपारीच्या वाडीत तिचं घर होतं आणि पुढच्या पडवीत ती पाहुण्यांना जेवण करून घालायची. घावणे, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी. तिच्या हाताला चव होती, पण जिभेला लगाम नव्हता. इतके दिवस तिचा मुलगा विनेश पाहुण्यांशी बोलायचा. यंदा तो नोकरीसाठी पनवेलला गेला. आत्याला मराठीशिवाय काही येत नव्हतं, आणि पाहुणे तर सुरतेपासून इंदूरपर्यंत कुठून कुठून यायचे. आत्याचा नवरा कोंडाजीकाका दिवसभर मागच्या अंगणात नारळ सोलत बसायचा. तो बोलायचाच नाही, त्यामुळे कोणत्या भाषेत बोलत नाही हा प्रश्न कधी आला नव्हता.

आत्याने क्रांतीला एकच विचारलं, हिंदी येते का.

"वर्गात पहिली आलेय," क्रांती म्हणाली. ते खरंच होतं. पण ती हिंदी निबंधातली होती. पहिल्याच दुपारी घामाघूम झालेलं एक कुटुंब पडवीत शिरलं तेव्हा क्रांती हात जोडून म्हणाली, "कृपया स्थान ग्रहण कीजिए." ती माणसं इतकी दचकली की बाकावर ताठ बसली आणि शाळेत बसावं तशी गप्प राहिली. निबंधातले शब्द संपले की क्रांती सरळ मराठीलाच हिंदीची शेपटी लावायची. "लाजने का नहीं, पोट भरके खाने का." पाहुण्यांना ते समजायचं, आणि आवडायचंही.

अडचण भाषेची नव्हतीच. अडचण आत्या काय बोलते याची होती.

दुसऱ्या दिवशी सुरतेहून विपुलभाई आले. माणूस चांगला आडवातिडवा आणि तोंडभर हसणारा. सोबत बायको आणि आई. त्यांनी सोलकढीची वाटी एका दमात संपवली आणि दुसरी मागितली. आत्या दारातून बघत होती.

"त्या जाड्याला सांग," ती क्रांतीला म्हणाली, "ही सोलकढी हाय, पान्याचा हंडा न्हाय. घोट घोट प्यायची असते."

क्रांतीने विपुलभाईंच्या तोंडाकडे पाहिलं. ते इतक्या भाबडेपणाने उत्तराची वाट बघत होते की तिला ते शब्द उच्चारवेनात. ती म्हणाली, आंटी बोलती है, धीरे धीरे पीजिए, आपके स्वास्थ्य के लिए. विपुलभाई विरघळले. त्यांनी छातीवर हात ठेवून आत्याकडे बघून मान लववली. आत्याला वाटलं, माणूस जाडा असला तरी शहाणा आहे, चूक कबूल करतो.

मग विपुलभाई क्रांतीला हळूच म्हणाले की आमटी फार तिखट आहे, आईला झेपत नाही, थोडा गूळ घालता येईल का. आत्याने विचारलं, काय म्हणतो? आपल्या आमटीला नावं ठेवलेली तिला चालत नाहीत, हे क्रांतीला ठाऊक होतं. गेल्या वर्षी आमटी पातळ म्हणणाऱ्या एका पुणेकराच्या पुढ्यातलं ताट तिने उचलून नेलं होतं. म्हणून क्रांतीने सांगितलं, आमटी एकदम झकास झालीय म्हणतात. आणि त्यांच्याकडे जेवताना ताटात गुळाचा खडा लागतो, तशी रीत आहे.

"असंल," आत्या म्हणाली. "देवाधर्माची माणसं दिसतात." तिने ताटाताटात गुळाचा खडा ठेवला. विपुलभाईंनी तो आमटीत कालवला आणि जेवण पार पडलं.

तिथेच थांबलं असतं तर निभावलं असतं. पण आमटीची तारीफ ऐकून आत्याला हुरूप आला. दुसऱ्या दिवशी तिने दोन मिरच्या जास्त घातल्या. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. क्रांतीने आत्याला सांगितलं, त्यांना गावाकडची आठवण येते. मग आत्याने आणखी दोन मिरच्या घातल्या. विपुलभाई आमटीचा भुरका मारायचे, सोलकढीची वाटी रिकामी करायचे आणि गूळ मागायचे. आत्या काहीतरी भयंकर बोलायची आणि क्रांती त्याचं स्वास्थ्यात रूपांतर करायची. रात्री घरी गेल्यावर तिचं डोकं दुखायचं. कोणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवणं तिला बीजगणितापेक्षा अवघड जाऊ लागलं. तरी जुळ्यांपेक्षा बरं, असं म्हणून ती सकाळी पुन्हा यायची.

विपुलभाई सुरतेला परतले ते आत्याचं कौतुक करतच. महिना संपता संपता ते पुन्हा आले. या वेळी भावाला आणि भावाची बायको किशोरीलाही घेऊन आले होते. बघा, अशी माया आजकाल कुठे मिळते, असं ते गाडीतून उतरतानाच भावाला सांगत होते.

किशोरी अंगाने बारीक, डोक्यावर पदर घेतलेली, कोपऱ्यात बसलेली. ती काही बोलली नाही. आत्या वाढायला आली आणि तिने सवयीप्रमाणे पडवीवरून नजर फिरवली.

"आला परत हत्ती," ती क्रांतीला म्हणाली. "आन् आता कळप घेऊन आलाय. सांग त्याला, भात टाकलास तर गाठोडं बांधून देईन, सुरतेपर्यंत खात जा म्हनावं."

क्रांतीने हिंदीत सांगितलं, आंटीला तुम्ही परत आल्याचा फार आनंद झाला, जाताना रस्त्यासाठी डबाही बांधून देणार म्हणतात.

कोपऱ्यात किशोरीला ठसका लागला. सोलकढी नाकातून आली. सासरच्या माणसांना वाटलं तिखट लागलं. तिने पदराने तोंड पुसलं, पण खांदे हलायचे काही थांबेनात.

मग विपुलभाई नेहमीसारखं आमटीबद्दल बोलले, आणि क्रांतीने नेहमीसारखं आत्याला सांगितलं की आज तर फारच आवडली.

"मावशी," किशोरी स्वच्छ मराठीत म्हणाली, "ते म्हणाले की आमटीने जीभ भाजतेय. मी इकडचीच, चौलची आहे."

सुरतेची मंडळी किशोरीकडे बघू लागली, आत्या क्रांतीकडे, आणि क्रांती खाली फरशीकडे. किशोरीला बोलल्याचा लगेच पस्तावा झाला असावा, कारण तिने घाईघाईने आमटीचा एक भुरका मारला आणि पुन्हा ठसकली.

आत्याने मागच्या दाराकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली. कोंडाजीकाका हातातला नारळ घेऊनच आला. ही पोरगी भलतंच सांगते म्हणतात, आत्या म्हणाली, आता ह्या घरात हिंदी कळणारं माणूस कुठून आणायचं?

"पैल्या दिवसापासून सांगते," कोंडाजीकाका म्हणाला.

"तुम्हाला काय म्हाईत?"

"गोदीत होतो ना मुंबईला. तिथं समदे भय्येच होते."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ही बातमी आत्याला आज कळत होती. "मग बोललात का न्हाय?"

"तू कधी इचारलंस?" काकाने नारळ या हातातून त्या हातात घेतला. "आन् बोललो असतो तर भांडण झालं असतं. पाहुनं गेलं असतं. मग ती आमटी मला एकट्याला खावी लागली असती."

आत्याने आमटीचं पातेलं जमिनीवर ठेवलं, पळीने थोडी आमटी हातावर घेतली आणि चाटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिखटाचं होतं. मग ती क्रांतीला म्हणाली, "मी ह्यांना आजवर काय काय बोलले, ते समदं सांग. शब्दाला शब्द."

क्रांतीने सांगितलं. जाड्या सांगितलं, हंडा सांगितला, हत्ती आणि कळप सांगितला. तिचा आवाज इतका बारीक झाला की विपुलभाईंना पुढे वाकून ऐकावं लागत होतं. सगळं ऐकून त्यांचं हसू उतरलं. ते आत्याला एवढंच म्हणाले, बहन, मला वाटलं होतं तुम्हाला माझ्या तब्येतीची काळजी आहे. क्रांतीने तेही जसंच्या तसं सांगितलं.

"हाय म्हनूनच वरडते," आत्या म्हणाली. "मला ज्याचं काय न्हाय, त्याला मी बोलत न्हाय. इचार ह्यांना."

कोंडाजीकाकाने मान डोलावली. त्याला ती दिवसभर बोलायची.

क्रांतीने हे हिंदीत सांगितलं आणि त्यातही आपलं काही घातलं नाही. विपुलभाईंनी पोटावरून हात फिरवला. मग त्यांनी सोलकढीची वाटी पुढे केली. आत्याने ती अर्धीच भरली. ते ती घोट घोट प्यायले.

पाहुणे गेल्यावर क्रांतीने भांडी घासली, पडवी झाडली आणि चपला घातल्या. काम गेलं, आता उद्या खारघरची एस.टी., असं तिने मनाशी धरलं होतं. आत्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"उद्या लवकर ये," ती म्हणाली. "आन् ऐक. ते जे बोलतील ते मला नीट सांगायचं, काय लपवायचं न्हाय."

"आणि तू बोलशील ते?"

आत्याने थोडा विचार केला. "ते तू सांगत होतीस तसंच सांग."

दुसऱ्या दिवशी इंदूरची मंडळी आली. एक म्हातारे गृहस्थ फणसाची भाजी चावता चावता क्रांतीला काहीतरी म्हणाले. क्रांती दारापाशी गेली आणि तिने आत्याला सांगितलं की भाजी कच्ची आहे म्हणतात. आत्याने तोंड उघडलं, मग मिटलं, चुलीपाशी जाऊन पातेल्यातली एक फोड खाल्ली. ती खरंच कच्ची होती.

"सांग त्याला," ती म्हणाली आणि बराच वेळ शब्द शोधत उभी राहिली. शेवटी तिने हात झटकला. "काय सांगायचं ते तू बघ." आणि भाजी परत चुलीवर चढवायला ती आत गेली.