उसना कंट्रोलर

मिस्त्रीच्या दुकानात एक शब्द फार चालायचा: उसना. जुन्या इलेक्ट्रिक दुचाकी गाड्यांची कंपनीच बंद पडलेली, नवे पार्ट मिळायची मारामार. मग अडलेल्या गिऱ्हाइकासाठी दारात उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या गाडीतला पार्ट काढायचा आणि नवा मिळाला की ज्याचा त्याला बसवायचा. याला चोरी म्हणालात तर मिस्त्री अंगावर आला असता. उसन्या पार्टवर तो बायकोच्या सुकत आलेल्या नेलपॉलिशचे ठिपके द्यायचा, कुणाचा कुठला ते कळावं म्हणून. इतका प्रामाणिक माणूस.

शिंपीणकाकूंची गाडी आली ती हँडलच्या मुठीतली वायर तुटली म्हणून. अर्ध्या तासाचं काम. पण त्याच दिवशी एक पार्सलवाला गयावया करत आला. त्याचा कंट्रोलर जळला होता. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी ही साबणाच्या डबीएवढी पेटी. ती नसेल तर गाडी जागची हलत नाही. मिस्त्रीने काकूंच्या गाडीतला कंट्रोलर काढला, दोन लाल ठिपके दिले आणि त्याला लावून दिला. दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

दोन दिवसांत येणारा पार्ट आलाच नाही. पार्सलवाल्याचा फोनही बंद. काकू विचारायला आल्या तेव्हा मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं, "काकू, तुमचा कंट्रोलर गेलाय."

तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. गेला होताच.

पुढे दोन महिने मिस्त्री काकूंची चाहूल लागली की गाडीखाली डोकं घालायचा. त्याला सगळं ठाऊक होतं. काकूंच्या नवऱ्याचा, काकांचा, उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर लुळा पडला होता. काकू त्यांना मागे बसवून व्यायामाच्या केंद्रावर न्यायच्या. आता ते बंद होतं. "बोटं उघडायला लागली होती हो, परत मिटली," काकू एकदा म्हणाल्या. त्या रात्रीच काय, पुढे कित्येक दिवस मिस्त्रीला घास गोड लागला नाही. तरी खरं बोलायला जीभ काही रेटेना.

मग एका सकाळी शेजाऱ्याच्या मोटारीतून दोघं उतरली. काकांना बाहेरच्या स्टुलावर बसवून काकू आत आल्या आणि त्यांनी पिशवीतून एक पेटी काढली. "सहा भंगारवाले पालथे घातले. एकाकडे अपघातातली गाडी आली होती, हुबेहूब आपल्यासारखी. बघा बरं, चालेल का. तुम्ही तरी एकटे किती शोधणार?"

पेटीवर दोन लाल ठिपके होते.

मिस्त्रीने मान खाली घालून पेटी बसवली, वायर जोडली. चाक फिरलं. काकूंचा चेहरा असा खुलला की मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, हा तुमचाच आहे."

"हो तर, आता माझाच."

एवढ्यावर सुटता आलं असतं. त्याने हात पुसले, पुन्हा पुसले. "आता नाही. आधीपासूनच. मी काढून दुसऱ्याला दिला होता. तुमची फक्त वायर तुटली होती."

काकूंनी वाकून ठिपके पाहिले. "म्हणजे तो गेला नव्हता."

"मी घालवला, काकू."

"त्याच दिवशी झाली असती गाडी?"

"अर्ध्या तासात."

काकूंनी बाहेर स्टुलावर बसलेल्या काकांकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यांना सांगू नका. घरी तुमचं फार कौतुक करतात. मिस्त्री आपल्यासाठी रानोमाळ भटकतोय म्हणतात."

त्यांनी गाडी बाहेर काढली, काकांना हाताला धरून मागे बसवलं. गाडी हलली तशी काकांनी मागे वळून डावा हात उंच केला. मिस्त्रीला हात हलवावाच लागला.